ट्रोव्ह : एका खिडकीत ग्रंथालय, संग्रहालय आणि दप्तरखाना

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ट्रोव्ह' ही शोधसेवा फुकट आहे, वापरायला खातं उघडावं लागत नाही, आणि एकदा आत शिरलेला माणूस हाका मारूनही जेवायला येत नाही. आमच्याकडे हा माणूस म्हणजे आमचे हे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. लेकीकडे मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटला राहायला आलो तेव्हा वेळ कसा घालवायचा हा प्रश्न यांना होता, मला नव्हता. मी आधी ट्रोव्ह कौतुकाने उघडलं, मग व्यवसायाच्या चष्म्यातून तपासलं. त्यामुळे हे परीक्षण थोडं कॅटलॉग करणाऱ्या बाईचं आहे, हे गृहीत धरून वाचा.

ट्रोव्ह म्हणजे शोधाची एकच चौकट. तिच्यामागे देशभरातली ग्रंथालयं, संग्रहालयं, अभिलेखागारं, विद्यापीठं आणि गावोगावच्या इतिहास मंडळांच्या नोंदी एकत्र लावलेल्या आहेत. २००९ साली ती सुरू झाली. त्याआधी छायाचित्रांसाठी 'पिक्चर ऑस्ट्रेलिया', संगीतासाठी 'म्युझिक ऑस्ट्रेलिया', जुन्या वेबसाइटींसाठी 'पँडोरा', वर्तमानपत्रांसाठी आणखी एक, अशा वेगवेगळ्या खिडक्या होत्या. कुठली वस्तू कुठल्या खिडकीत मिळेल हे शोधणाऱ्यालाच माहीत असावं लागे. ते ओझं वाचकाच्या डोक्यावरून काढून संस्थेने आपल्या डोक्यावर घेतलं, हे या सेवेचं पहिलं श्रेय.

ओझं किती मोठं आहे हे बाहेरच्याला कळत नाही. आमच्या कॉलेजात ग्रंथालयाची दाखल नोंदवही होती, इतिहास विभागाच्या कपाटात नाणी होती, आणि संस्थेचा जुना पत्रव्यवहार ऑफिसच्या माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेला होता. एकाच देणगीदाराने दिलेल्या या तिन्ही गोष्टी, पण तिघांच्या याद्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. याला कामचुकारपणा म्हणता येणार नाही. ग्रंथालय नोंदतं ती आवृत्ती : लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं. त्याच आवृत्तीची दुसरी प्रत दुसऱ्या गावात असली तरी नोंद तीच चालते. संग्रहालय नोंदतं ती वस्तू, जगात एकमेव असलेली : धातू, वजन, कुठे सापडली, कोणी दिली. दप्तरखाना एकेका कागदाची नोंद करतच नाही. तो म्हणतो, 'अमुक कुटुंबाचे कागद, इतकी वर्षं, इतक्या पेट्या', आणि पेटीत काय आहे ते तुम्ही येऊन बघा. आता या तीन स्वभावांच्या नोंदी एका यादीत एकाखाली एक दाखवा बरं. 'शीर्षक' म्हणून काय छापायचं, 'लेखक' कोण, 'तारीख' म्हणजे वस्तू बनवली ती की फोटो काढला ती, इथूनच भांडण सुरू होतं.

ट्रोव्हने ते भांडण मिटवलेलं नाही, पण तिघांना एका घरात नांदवलं आहे. संस्था आपापल्या नोंदी ठरावीक साच्यात उघड्या ठेवतात, ट्रोव्ह त्या ठरावीक काळाने उचलून घेतं. नोंद कुणाची, वस्तू कुठे आहे, आणि मूळ संस्थेच्या पानावर कसं जायचं, हे मात्र प्रत्येक नोंदीवर ठळक असतं. पुस्तकाच्या नोंदीत तर कुठकुठल्या ग्रंथालयात प्रत आहे तेही दिसतं. माझ्या मते या सेवेची खरी ताकद इथे आहे. सगळं आपल्याच घरचं असल्याचा आव ती आणत नाही.

उदाहरण द्यायचं तर आमच्या शेजारच्या सनशाइन उपनगराचं देते. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या भारतीयांना ते स्टेशन पाठ आहे, नावामागची गोष्ट फारशी ठाऊक नसते. ह्यू मॅके नावाच्या कारखानदाराने कापणी आणि मळणी एकत्र करणारं 'सनशाइन हार्वेस्टर' हे यंत्र बनवलं, धंदा बॅलरॅटहून इथे हलवला, आणि १९०७ मध्ये गावाचंच नाव बदलून यंत्राचं नाव गावाला मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी याच कारखान्याच्या खटल्यात निकाल दिला, की अकुशल कामगारालाही बायकामुलांसह सुखाने राहता येईल इतकी, म्हणजे दिवसाला सात शिलिंग, मजुरी मिळाली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या किमान वेतनाचा पाया तो.

आता 'सनशाइन हार्वेस्टर' हे शब्द ट्रोव्हमध्ये टाका. वर्तमानपत्रांच्या कप्प्यात शेतकऱ्यांसाठीच्या जाहिराती निघतात, खटल्याचे लांबलचक वृत्तान्त निघतात. चित्रांच्या कप्प्यात कारखाना, कामगार, बैलांऐवजी घोडे जुंपलेली यंत्रं. पुस्तकांत कामगार चळवळीचे इतिहास, कागदपत्रांत संबंधित लोकांची दप्तरं. एका यंत्राच्या नावावरून कायदा, शेती आणि उपनगर एकाच बैठकीत समोर येतात. वेगवेगळ्या खिडक्यांच्या काळात हे करायला चार ठिकाणी चार प्रकारे शोधावं लागलं असतं, आणि चौथ्या खिडकीपर्यंत कोणी गेलंच नसतं.

पण खरं व्यसन लागतं ते वर्तमानपत्रांचं. १८०३ च्या सिडनी गॅझेटपासून पुढे, हजाराहून अधिक वर्तमानपत्रं. बहुतेक १९५४ पर्यंतची, कारण पुढे कॉपीराइटची भिंत लागते. 'कॅनबेरा टाइम्स' मात्र १९९५ पर्यंत आणि 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' हे साप्ताहिक १९३३ ते १९८२ असं मिळतं. विमेन्स वीकलीतल्या स्वयंपाकाच्या पानांवर मी स्वतंत्र लेख लिहू शकेन, पण तो मोह इथे आवरते.

आमचे हे सांगलीचे. सांगलीच्या माणसासमोर विजय हजारे हे नाव काढलं की पुढचा अर्धा तास तुमचा गेला. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला हजारेंनी कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. असं करणारे ते पहिले भारतीय. समोर लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज होते, आणि आधी ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला होता, त्यात ब्रॅडमनच्या २०१. हे सगळं यांना तोंडपाठ, पण तिथल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते कसं वाचलं हे कधी पाहिलेलं नव्हतं. ट्रोव्हमध्ये राज्य 'दक्षिण ऑस्ट्रेलिया', दशक १९४०, महिना जानेवारी १९४८ असं गाळत गेलो आणि ॲडलेडच्या 'ॲडव्हर्टायझर'चं पान उघडलं. डाव्या बाजूला यंत्राने वाचून उतरवलेला मजकूर, उजव्या बाजूला पानाचा फोटो. मागेपुढे करताना धावफलकासकट अख्खं पान मोठं करून वाचता येतं. शेजारच्या रकान्यात काय जाहिरात होती तेही. (यांनी धावफलक वाचला, मी जाहिराती वाचल्या. संसार असा चालतो.) त्याच सामन्यात १२३ काढणारे दत्तू फडकर कोल्हापूरचे, त्यामुळे घरात थोडा सांगली-कोल्हापूर वादही झाला. सामना संपल्यावर दोनच दिवसांनी गांधीजींचा खून झाला, संघ अजून ऑस्ट्रेलियातच होता, आणि महिनाअखेरची पानं उलटताना क्रीडापानावरून पहिल्या पानावर कधी आलो कळलं नाही.

इथे सेवेतली एक अडचण जवळून दिसते. 'हजारे' हे नाव इंग्रजी अक्षरांत शोधलं की सगळे वृत्तान्त येत नाहीत. जुनी शाई फिकी, कागद पिवळा, मायक्रोफिल्म ओरखडलेली. यंत्र शेवटच्या 'ई'चा 'सी' वाचतं, मधल्या 'झेड'चं भलतंच काही करतं, आणि ते नाव यादीतून गायब. बातमीचं शीर्षक आणि पहिल्या काही ओळी माणसांकडून तपासून घेतलेल्या असतात, म्हणून शीर्षकात नाव असेल तर हमखास सापडतं. आत, तिसऱ्या परिच्छेदात असेल तर नशीब. यावर उपाय दोन. एक, नावाची चारपाच संभाव्य रूपं मोठ्या अक्षरांतल्या 'ऑर'ने जोडून शोधणं. दोन, दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकून पुढे लाटेसारखं चिन्ह आणि आकडा लिहिणं, म्हणजे ते शब्द एकमेकांपासून इतक्या अंतरावर असले तरी चालतील. 'अमरनाथ' (त्या संघाचे कप्तान) आणि 'ॲडलेड' असं शोधून मी नाव हरवलेल्या बातम्या पकडल्या.

तिसरा उपाय ट्रोव्हचा खास, आणि मी वाचकांना तोच सर्वांत आधी करून बघायला सांगेन : चुकलेली ओळ तुम्हीच दुरुस्त करा. मजकुराशेजारी दुरुस्तीचं बटण असतं. ते दाबलं की ओळीला ओळ लावून मजकूर उघडतो, फोटोत वाचायचं आणि शेजारी टंकायचं. परवानगी नाही, तपासणारा साहेब नाही, आणि खातं नसलं तरी चालतं. जतन केलं की थोड्याच वेळात तो शब्द शोधात सापडू लागतो. जुनी रूपंही साठून राहतात, त्यामुळे कुणी वेडंवाकडं केलं तर मागे जाता येतं. २००८ मध्ये वर्तमानपत्रांच्या सेवेत हे सुरू केलं तेव्हा लोक मजकुराची वाट लावतील अशी भीती व्यवसायातल्या अनेकांना वाटली असणार. आम्हालाही वाटली असती. आमच्याकडे वाचकाला कार्डाच्या खणाला हात लावू द्यायचा की नाही यावरही बैठक बसे. इथे लोकांनी कोट्यवधी ओळी सुधारल्या. खातं असेल तर तुमच्या ओळी मोजल्या जातात आणि सर्वाधिक सुधारणाऱ्यांची यादीही लागते. त्या यादीत चढायचा हट्ट आमच्या घरात एकाने धरला आहे. नाव सांगत नाही.

आता नावं ठेवते.

पहिली तक्रार : वर्तमानपत्रं बाकीच्यांना गिळतात. कुठलाही शब्द टाका, लाखांनी बातम्या आणि बोटावर मोजण्याइतकी हस्तलिखितं. २०२० मध्ये रूप बदललं तेव्हा जुन्या विभागांच्या जागी नवे कप्पे आले. वर्तमानपत्रं एकीकडे, चित्रं, नकाशे आणि वस्तू एकत्र, दैनंदिन्या, पत्रं आणि अभिलेख वेगळे. विभागणी समजूतदार आहे, पण संग्रहालयातली भांडी आणि नकाशे एका कप्प्यात का कोंबले हे मला अजून पटलेलं नाही. शिवाय पानावर मोकळी जागा इतकी, की एका स्क्रीनवर जेमतेम तीनचार निकाल दिसतात. फोनवर तर नुसतं सरकवत राहा. जुन्या वापरणाऱ्यांनी तेव्हा बरीच ओरड केली होती, आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

दुसरी : दप्तरांच्या नोंदी वाचकाला फसवतात. निकालात फोटो आणि पूर्ण मजकुराच्या रांगेत 'अमुक यांचे कागद, पेट्या इतक्या' अशी ओळ दिसते. नवखा माणूस टिचकी मारतो आणि काहीच उघडत नाही म्हणून वैतागतो. ते कागद डिजिटल नसतात. नोंद फक्त ते कुठे आहेत एवढंच सांगते. 'ऑनलाइन उपलब्ध' असं गाळण्याची सोय आहे, ती आधी लावा. पण माझ्यासारखीने ती काढून ठेवावी, कारण खरा माल पेटीतच असतो.

तिसरी जुनीच, सगळ्या सामाईक कॅटलॉगांची. नोंद जिवंत, पुस्तक मेलेलं. एका उपनगरी ग्रंथालयात प्रत आहे असं पाहून मी बस बदलून गेले, तर पुस्तकाचं निर्लेखन, म्हणजे संग्रहातून बाद करणं, कधीच झालेलं. काउंटरवरची मुलगी बिचारी माफी मागत होती. मी तिला म्हटलं, बाळा, मी हेच काम केलं आहे, बाद पुस्तकांची यादी पुढे पाठवायला कुणाला सवड असते! पण वाचकाने सवड काढलेली असते ना. फोन करून मगच जा.

मराठी पुस्तकं शोधणाऱ्यांसाठी एक सूचना : नोंदी बहुधा रोमन लिप्यंतरात असतात, देवनागरीत टाइप करून हताश होऊ नका. आणि आपल्याकडच्या जुन्या बातम्या हव्या असतील तर त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधा. पुण्याचं 'पूना' आणि मराठ्यांचं 'महरट्टा'. १८९७ चा प्लेग आणि रँडचा खून, १९०८ मध्ये टिळकांना झालेली शिक्षा आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप, हे सगळं तारेने ऑस्ट्रेलियात पोहोचत होतं. भाषा साम्राज्याची आहे, आपल्या बाजूची नाही, हे धरून वाचायचं. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला इथल्या चर्चवाल्यांनी मदत केली होती, त्यांची लेक मनोरमाबाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊनही गेल्या. त्यांच्या सभांच्या बातम्या छोट्या गावांच्या पत्रांत शोधाव्यात, मोठ्या शहरांच्या पत्रांत नव्हे. छोटी पत्रं सविस्तर लिहायची.

एक गोष्ट मला विशेष आवडली. मृत आदिवासी व्यक्तींची नावं, आवाज आणि छायाचित्रं समोर येऊ शकतात, अशी सूचना इथे आधीच दिलेली असते. इथल्या मूळ रहिवाशांच्या अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं किंवा चित्र दाखवणं वर्ज्य असतं. सगळं सगळ्यांना दाखवणं म्हणजे सेवा, हा आम्हा ग्रंथपालांचा आवडता समज. त्याला इथे थोडा लगाम आहे, आणि तो योग्य वाटतो.

पैशाचं बोलल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही. २०१६ मध्ये सरकारी कपात झाली आणि ग्रंथालयाने सांगितलं, की छोट्या संग्रहालयांच्या नोंदी आता स्वतःच्या खर्चाने जमवता येणार नाहीत. लोकांनी ओरड केली, वर्षअखेर चार वर्षांसाठी १ कोटी ६४ लाख डॉलर मिळाले. ते संपत आले तेव्हा २०२३ च्या जूननंतर सेवा चालवायला पैसे नाहीत अशी वेळ आली. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख आणि त्यापुढे दरवर्षी ९२ लाख डॉलर कायमस्वरूपी जाहीर केले. चौदा वर्षं ही सेवा तात्पुरत्या तिकिटावर चालली, असं म्हणायला हरकत नाही. फाटके दुवे सांधणं, बदललेल्या नोंदी पुन्हा उचलणं, नव्या संस्थेच्या गचाळ याद्या साफ करणं, हे रोजचं झाडूपोतं आहे. त्याला 'प्रकल्प' म्हणून निधी दिला की तीन वर्षांनी उद्घाटनाचे फोटो तेवढे उरतात.

भारतात सामान कमी नाही. खरगपूरच्या आयआयटीने चालवलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' आहे, संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची प्रणाली बनवली आणि तिच्यावर राष्ट्रीय संग्रहालयांचं संकेतस्थळ उभं आहे, २०१९ पासून 'इंडियन कल्चर' पोर्टलही आहे. एकेकात शोधलं तर पुष्कळ मिळतं. पण पुस्तक, वस्तू आणि कागद अशा तीन खिडक्यांत तीनदा जावं लागतं, आणि चुकलेलं नाव मी दुरुस्त करीन म्हटलं तर ट्रोव्हसारखं बटण हाताशी हवं. मजकूर वाचणारं यंत्र देवनागरीत इंग्रजीहून जास्त चुकतं. जोडाक्षरं, काना, रफार यांत त्याची दाणादाण उडते. मराठी जुनी नियतकालिकं स्कॅन होत असतील तिथे हे बटण आधी द्या, बाकी सजावट नंतर. आमच्यासारखे निवृत्त लोक घरोघरी रिकामे बसलेत, प्रूफं तपासायची सवय असलेले. फुकट करतील.

वापरून बघायचं असेल तर मोठ्या स्क्रीनवर बघा, आधी वर्तमानपत्रांचा कप्पा उघडा, राज्य आणि वर्ष लावा, आणि कुटुंबातल्या निवेदनांचा प्रकार निवडा : जन्म, लग्न, मृत्यू. खातं उघडलंत तर स्वतःच्या याद्या करून ठेवता येतात, त्या सार्वजनिक ठेवल्या तर दुसऱ्यांनाही उपयोगी पडतात. हजारेंच्या दौऱ्याची यादी आमच्या घरातून तयार होते आहे, सिडनीपर्यंतची झाली, मेलबर्नच्या दोन कसोट्या उरल्या आहेत.